गोस्विनच्या हातातला चाकू

तेर एल्स्त मठ, गेंटच्या बाहेर
१६ ऑगस्ट १४८४

ताई,

लोणी पोचलं, दाजींचे जुने बूटही पोचले. बूट पायाला सैल होतात, पण मला चालायचं आहे तरी किती? मठाच्या हद्दीवर पांढरे दगड पुरले आहेत. पश्चिमेच्या दगडापासून पूर्वेच्या दगडापर्यंत माझी चारशे बारा पावलं भरतात. ईस्टरपासून रोज मोजतो आहे. दगडांच्या आत मी देवाच्या आसऱ्याला, कोतवाल स्वतः आला तरी मला हात लावू शकत नाही. बाहेर एक पाऊल टाकलं की मी गोस्विनचा खुनी.

पलीकडे ओढ्याच्या काठावर गोस्विनचा धाकटा भाऊ पाउवेल बसलेला असतो. पोरगेलेसा होता, आता चांगला दांडगा झालाय. रंगाऱ्याकडची नोकरी सोडली म्हणे. दिवसभर बसून काठ्या तासतो. परवा मी दगडाजवळ गेलो तर ओरडला, "काय चित्रकार, जेवलास का?"

मी म्हटलं, "जेवलो."

"खा, पोटभर खा. जाड माणसाला पळता येत नाही."

मठाधिपती भले आहेत. आसऱ्याच्या बदल्यात वेदीमागचं चित्र मागतात, येशूला क्रुसावरून खाली उतरवतात ते. ओकच्या तीन चांगल्या फळ्या दिल्या, रंग दिले, जवसाचं तेल तेलवाली बेल्ले शहरातून आणते. फक्त माझी पत्रं त्यांच्या खोलीतून जातात. हेही जाईल. म्हणून लिहून ठेवतो की इथली वाटाण्याची आमटी फार छान असते.

आवेझूत वहिनी भेटते का कधी? गोस्विनच्या माघारी तिचा संसार कसा चाललाय, ते विचारायचं मला तोंड नाही. तू विचार.

लिव्हेन

*

गेंट, 'निळा बगळा' खानावळ
९ सप्टेंबर

लिव्हेन,

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी खाली बस.

आवेझूत तयार झाली! चार महिने मी तिच्या दाराशी जात होते. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा उघडून मिटलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "पाय पूस आणि आत ये." आता तिने आणि तिच्या घरच्या सगळ्यांनी समेटाला होकार दिला आहे. त्यांनी माफ केलं की कोतवालही सोडतो, नगरपंचांनी तसं लिहूनच दिलंय.

एक ऑक्टोबर, संत बाव्होचा दिवस. सकाळी, संत याकोबाच्या चर्चमध्ये. तू अनवाणी, अंगात नुसता सुती सदरा, हातात मेणबत्ती. पंचांचा कारकून झालेली हकीकत वाचेल, तू "होय, असंच घडलं" म्हणायचंस आणि आवेझूत आणि तिच्या घरच्यांपुढे गुडघे टेकून माफी मागायचीस. मग घरातला थोरला पुरुष तुझ्या तोंडावर शांतीचं चुंबन देईल. थोरला म्हणजे आता पाउवेलच. तोही तयार आहे. कसा तयार झाला ते आवेझूतलाच माहीत.

त्यानंतर तुला फ्रान्समधल्या रोकामादूरची यात्रा पायी करायची, आणि गेंटमध्ये पुन्हा राहायचं नाही. पण जिवंत राहशील, मोकळा राहशील. येताना पंचांचा शिपाई तुझ्याबरोबर असेल, रस्त्यात कुणी हात लावणार नाही.

आणखी एक. डिसेंबरात तू मामा होणार आहेस. एवढ्या वर्षांनी! हाइन तर रोज मला बसवून स्वतः बिअरचे मग धुतो. गिऱ्हाइकं हसतात.

तुझी ताई,
काटेलाइन

*

गेंट
२ ऑक्टोबर

लिव्हेन,

तू का आला नाहीस?

आवेझूत काळे कपडे घालून सकाळपासून उभी होती. तिच्यामागे तिच्या माहेरची, सासरची मिळून अकरा माणसं. पाउवेलने पट्ट्यातला खंजीर काढून पाद्रीबाबांच्या हातात दिला होता. शिपाई मठाकडून एकटाच परत आला. म्हणाला, "हद्दीपाशी उभा राहिलो. कुणी आलं नाही."

तरी आम्ही थांबलो. घंटा झाली, दुसरी झाली. कारकुनाने कागदाची गुंडाळी केली. मागे कुणीतरी हसलं, आणि पाउवेलने आपला खंजीर परत मागून घेतला.

आवेझूत माझ्याजवळ आली. "तुझा भाऊ आजारी आहे का?"

"माहीत नाही गं."

"मग मेला असेल अशी आशा करते," म्हणाली आणि निघून गेली.

दोन ओळी तरी लिही. मेला नसशील तर.

काटेलाइन

*

तेर एल्स्त
१० ऑक्टोबर

ताई,

हे पत्र बेल्लेच्या रिकाम्या तेलाच्या मडक्यातून पाठवतो आहे. फडक्यात गुंडाळलंय, डाग पडले तर समजून घे. यापुढे तूही तिच्याच हाती दे.

कुठला दिवस? कसला समेट? तुझं पहिलं पत्र मला मिळालंच नाही. दोन तारखेचं तेवढं हातात पडलं, आणि वाचून मी रंगाच्या पाट्याशी मटकन बसलो. तुझ्या लक्षात येतंय ना? चित्र अर्धवट आहे. मधल्या फळीचं आकाश राहिलंय, उजव्या फळीवर अजून नुसत्या रेघा आहेत. मी मोकळा झालो तर ते पुरं कोण करणार? मठाधिपती माझ्याशी गोड बोलतात, पण पत्रं त्यांच्याच खोलीतून येतात.

वहिनीला सांग, माझा दोष नाही. तिच्यापुढे माझ्यासाठी एवढं कर.

लिव्हेन

*

तेर एल्स्त मठ
१९ ऑक्टोबर

काटेलाइनबाईंना बंधू रेनियर, मठाचा द्वारपाल, याचा नमस्कार.

बाई, काल फाटकात उभ्या राहून तुम्ही आमच्या मठाधिपतींना जे जे म्हणालात, ते या फाटकाने तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. 'पत्रचोर' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. तुमची अवस्था पाहून ते काही बोलले नाहीत आणि पुढेही बोलणार नाहीत. तसा त्यांचा स्वभावच नाही. माझ्याच्याने मात्र राहवत नाही, म्हणून त्यांना न विचारता लिहितो.

तुमचं सप्टेंबरचं पत्र मी स्वतः तुमच्या भावाच्या हातात दिलं. त्याने माझ्यासमोर वाचलं. दोनदा वाचलं.

संत बाव्होच्या दिवशी सकाळी तो तयार होऊन आला होता. अनवाणी, सुती सदरा, हातात मेणबत्ती. मीच ती पेटवून दिली. शिपाई रस्त्यावर उभा होता. तुमचा भाऊ दगडापर्यंत गेला आणि झाडाआड थांबला. मी म्हटलं, "जा बाबा, लोक वाट बघत असतील." तो म्हणाला, "बंधू, तिथे कागद वाचणार आहेत." मी म्हटलं, "कागदाला काय भ्यायचं?" तो थंडीने पाय निळे पडेपर्यंत तसाच उभा राहिला. मग मेणबत्ती विझवून माघारी आला आणि थेट चित्रापुढे जाऊन बसला.

त्याला कशाची भीती वाटते ते मला कळत नाही. पण मठाधिपतींनी पत्र चोरलं नाही, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

*

गेंट
२२ ऑक्टोबर

लिव्हेन,

रेनियरचं पत्र सोबत आहे. वाच.

मी पोटात मूल घेऊन एका म्हाताऱ्या साधूला शिव्या घातल्या. तुझ्यासाठी. मी आवेझूतच्या पायाशी बसून सांगितलं की बिचाऱ्याला पत्रच मिळालं नाही. तुझ्यासाठी. लहानपणी दूध सांडलंस की मांजरावर ढकलायचास, तसाच आहेस अजून.

आता मला खरं सांग. नाहीतर यापुढे पत्र नाही, लोणी नाही, काही नाही.

काटेलाइन

*

तेर एल्स्त
२८ ऑक्टोबर

ताई,

हे वाचून झालं की चुलीत टाक.

तो कागद काय म्हणतो ते तुला पाठ आहे. तुझ्याच साक्षीवरून लिहिलाय. 'गोस्विनने आधी चाकू उपसला, आणि लिव्हेनने जीव वाचवण्यासाठी हात उचलला.' ताई, चाकू नव्हता. तू तिथेच होतीस, पिंपापाशी.

भांडण कशावरून झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. सहा वर्षं आम्ही एका खोलीत, एका खिडकीच्या उजेडात काम केलं. दारावर पाटी माझी, कारण मी चित्रकारांच्या संघाचा सभासद आणि तो पगारी. मासेविक्यांच्या मंडळासाठी मेरी केली ना, जिच्यापुढे बायका रडतात, तिचा चेहरा गोस्विनने रंगवलेला आहे. मी तिचा झगा केला, मागची टेकडी केली. त्या संध्याकाळी मंडळाचे प्रमुख तुझ्या खानावळीत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा चेहरा फ्लँडर्समध्ये तुझ्याशिवाय कुणी करणार नाही." गोस्विन समोर बसला होता. मी म्हटलं, "देवाची कृपा."

ते गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "निदान त्यांना सांगायचं तरी." हळू आवाजात. तुला माहीत आहे तो किती हळू बोलायचा. पण शेजारच्या बाकावरच्या लोकांनी ऐकलं आणि ते हसले. मी कथलाचा जड मग त्याच्या कानशिलात घातला. तो चुलीच्या लोखंडी कडेवर पडला. बस, एवढंच झालं.

मी गुडघे टेकायला तयार आहे. पण वहिनीसमोर उभं राहून गोस्विनने चाकू काढला हे ऐकायचं, आणि "होय, असंच घडलं" म्हणायचं? त्याचा चेहरा मी घेतला, त्याचा जीव घेतला, आता त्याची अब्रूही घेऊ?

आणि खरं सांगावं तर तू जातेस. क्रुसावर हात ठेवून खोटी शपथ घेतलीस तू. शुक्रवारच्या बाजारात खांबाला बांधतील, वेशीबाहेर हाकलतील, तेही या दिवसांत. मग मी कुठे जाऊ? इकडे गेलो तर तो मरतो पुन्हा, तिकडे गेलो तर तू. म्हणून आतच बसतो. इथे मला कुणी काही विचारत नाही. चारशे बारा पावलं जातो आणि येतो.

लिव्हेन

*

गेंट
८ नोव्हेंबर

लिव्हेन,

पत्र चुलीत टाकलं. हेही तसंच टाक.

तुला वाटतं तुला सगळं माहीत आहे. तुला अर्धंच माहीत आहे. तू मागच्या दाराने पळालास. शेजारच्या बाकावरचे लोक वैदूला आणायला धावले. खोलीत मी आणि गोस्विन, दोघंच. मी आत गेले, ईल मासा सोलायचा चाकू आणला आणि त्याच्या हातात दिला. बोटं अजून ऊन होती. एकेक करून मी ती मिटवली. शपथ त्यानंतरची. हे मी हाइनलाही सांगितलेलं नाही. आणि त्या बाकावरचे लोक? ते पाठमोरे होते, आणि पंचांनी विचारल्यावर जो तो म्हणाला, चाकू होता खरा, हातातच होता.

तुझं पत्र वाचून मी उठले आणि आवेझूतकडे गेले. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. ती चुलीपाशी सूत काढत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने चाती थांबवली नाही.

"माहीत आहे मला," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला साधी कोंबडी कापता यायची नाही, मी कापून द्यायचे. आणि दहा वर्षं तुझ्या घरी ईल खाते आहे मी. तुझा चाकू मला ओळखता येणार नाही?"

मी खालीच बसले. म्हटलं, "मग तू बोलली का नाहीस?"

तेव्हा तिने चाती बाजूला ठेवली. "पाउवेलसाठी. सासू गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी न्हाऊमाखू घातलंय त्याला. तो तुझ्या भावाला मारणार, आज नाहीतर पाच वर्षांनी, आणि मग ते त्याला फासावर चढवतील. एकाला मी शेवटची आंघोळ घातली, दुसऱ्यालाही घालू? तुझा तो चाकू आहे म्हणून मला त्याला सांगता आलं, की तुझ्या दादानेही काढला होता, ही बरोबरीची मारामारी होती, सोडून दे. उन्हाळाभर समजावलं तेव्हा कुठे हो म्हणाला. ते खोटं मी गिळलं, काटेलाइन. अकरा माणसांसमोर ताठ उभी राहिले. आणि तुझा भाऊ आला नाही, कारण त्याला खोटं ऐकवत नाही? त्याचा आत्मा फार नाजूक आहे का? माझा मी चर्चच्या दाराशी काढून ठेवला होता, चिखलाच्या बुटांसारखा."

लिव्हेन, संत बाव्होच्या दिवसापासून पाउवेल ओढ्याकाठी झोपायलाही जातो. आता त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र असतात.

तिने पंचांकडे पुन्हा जाऊन शब्द टाकला. पाउवेलला काय सांगितलं ठाऊक नाही, तू तापाने फणफणला होतास असं काहीतरी. दोन डिसेंबर. तिसरी वेळ येणार नाही. निरोप तिच्याच शब्दांत देते: "त्याला म्हणावं, ये, गुडघे टेक, ऐक, आणि होय म्हण. तुझी सुटका करायची म्हणून मी हे करत नाही. हीच तुझी शिक्षा."

मी येऊ शकणार नाही. सुईण म्हणते त्याच आठवड्यात. तुलाच जायचं आहे. माझ्याशिवाय.

ताई

*

कोर्ट्राइक, वाटेवरची धर्मशाळा
५ डिसेंबर १४८४

ताई,

मुलगी झाल्याचं बेल्लेने वेशीबाहेर गाठून सांगितलं. तुम्ही दोघी सुखरूप आहात एवढं कळलं, मग मी पुढे चालू लागलो.

गेलो मी. आता कसं झालं ते सांगतो.

आदल्या दिवशी चित्र पुरं केलं. त्यातल्या मेरीचा चेहरा गोस्विन करायचा तसा करायला गेलो, सात वेळा पुसला. नाही जमला. मठाधिपतींनी विचारलं, फळीमागे नाव घालायचं का. मी म्हटलं, "नको." तुझ्या शिव्यांबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाईंचा आवाज छान आहे. आमच्या गायकमंडळात असा नाही."

दगड ओलांडताना रेनियरने माझा दंड धरला होता. शिपायापाशी पोचल्यावरच सोडला.

चर्च थंडगार होतं. वहिनी उभी होती, बारीक झालीये फार. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्या मेणबत्तीकडे पाहिलं. कारकुनाने वाचलं. 'गोस्विनने आधी चाकू उपसला' इथे तो खोकला, म्हणून ते वाक्य त्याने पुन्हा वाचलं. दोनदा ऐकलं मी. मग विचारलं, "असंच घडलं?" मी म्हटलं, "होय, असंच घडलं." आवाज फुटला नाही तर तो म्हणाला, "मोठ्याने." मी मोठ्याने म्हटलं.

गुडघे टेकले. वहिनीने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला. मग पाउवेल पुढे आला. त्याने मला उठवलं, दोन्ही खांदे धरले, तोंड जवळ आणलं. सगळ्यांना वाटलं चुंबन देतोय. त्याने कानात विचारलं, "खरं सांग. चाकू होता?"

ताई, मी तुला कसं सांगू. सात महिने हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट पाहत होतो, आणि तो पाउवेलनेच विचारला. त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. त्याच्या खांद्यावरून मला वहिनी दिसत होती. तिला ऐकू आलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

मी म्हटलं, "होता."

त्याची बोटं सैल पडली. मग त्याने चुंबन दिलं. त्याची दाढी ओली होती.

मला वाटलं, संपलं. पण बाहेर आल्यावर शिपाई म्हणाला की वेशीपर्यंत मयताच्या घरच्या एकाने सोबत जायचं, तसा रिवाज आहे. पाउवेलच निघाला. माझं बोचकं त्याने काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, न विचारता. मग म्हणाला, "सोमवारपासून रंगाऱ्याकडे कामाला जातो. घेतोय परत."

मी म्हटलं, "बरं झालं."

पूल ओलांडला तसा तो पुन्हा बोलला. "खरं सांगू? दादाची मला लाज वाटायची. कुणी काही बोललं तरी हा गप्प. गल्लीतले लोक म्हणायचे, तुझा भाऊ म्हणजे मेंढरू. वहिनी चाकूचं सांगायची तेव्हा मला वाटायचं, ही मला गप्प करायला सांगते." आणि ताई, तो हसला. किती महिन्यांनी हसला असेल. "म्हणजे काढला तर त्याने. दादाने!"

"काढला," मी म्हटलं.

"कसा काढला? तू समोर होतास. नीट सांग ना."

मी म्हटलं, "जाऊ दे, पाउवेल." पण तो रस्त्यात थांबलाच, माझं बोचकं छातीशी धरून. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना, आणि न सांगता पुढेही जाता येईना. मग मी सांगायला लागलो. गोस्विन कसा उठला. बाक कसा मागे पडला. सगळी खोली कशी चिडीचूप झाली. "मग? काय म्हणाला?" पाउवेल विचारायचा, आणि मी ते सांगायचो. मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. संत याकोबापासून वेशीपर्यंत रस्ता एवढा लांब आहे हे इतकी वर्षं तिथे राहून मला कळलं नव्हतं.

लिव्हेन